दुसऱ्या फळीवरची रजई

दिवे गेले होते, म्हणून सगळे गच्चीवर सतरंजी टाकून बसले होते. मामांनी पाय लांब केले.

"आमच्या ओळखीचा एक शाळेच्या बसचा ड्रायव्हर. सगळे त्याला घुबड म्हणायचे. वर्षभर डोळ्याला डोळा लागला नव्हता बिचाऱ्याच्या."

"गोळ्या घ्यायच्या ना," धाकटी म्हणाली.

"गोळ्या झाल्या, तळपायाला तेल झालं. ऐक आता."

जानेवारीतला शनिवार होता. बायकोनं घुबडाला लाँड्रीतून रजई आणायला पाठवलं. लाँड्रीवाला इस्त्रीत गुंतलेला. "तिसऱ्या फळीवरची घे," तो मान वर न करता म्हणाला. घुबडाच्या डोळ्यांपुढे सगळ्या फळ्या सारख्याच. त्यानं दुसऱ्या फळीवरची उचलली.

घरी बायकोनं गाठोडं सोडलं. "अहो, ही आपली नाही. केवढी जड आहे."

"परत देतो. आजची रात्र घेऊ दे अंगावर."

"घ्या. तुम्हाला काय, जागरणच करायचंय."

तो हसला नाही. परवाच बस चालवताना त्याला डुलकी लागली होती. मागे मुलं गाणी म्हणत होती आणि पुढचं चाक नाल्याच्या कडेवर होतं. मालक म्हणाला होता, पुन्हा असं झालं तर किल्ली टेबलावर ठेवायची. हे त्यानं घरी सांगितलं नव्हतं.

रजई अंगावर आली. मायेच्या माणसानं दाबून धरावं, तसं ते ओझं. छातीतली धडधड बसली. घुबड झोपला.

रविवारी लाँड्री बंद. रजई राहिली.

रात्री सव्वा अकरा. अर्धवट झोपेत त्याला जाणवलं, कुणीतरी पाठीवर थोपटतंय. हळूहळू. ठेक्यात.

"पुरे गं. तूही झोप आता."

"काय म्हणताय?" बायकोचा आवाज आला. स्वयंपाकघरातून.

हात थांबला नाही.

ओरडावंसं वाटलं. पण तो थकला होता... फार थकला होता. त्यानं डोळे मिटूनच ठेवले.

सोमवारी तो उठला नाही. बायकोनं हलवलं, तोंडावर पाणी मारलं. मुलं कोपऱ्यावर वाट बघून घरी गेली. दुपारी तिनं रजई ओढून काढली, तेव्हा कुठे त्यानं डोळे उघडले. मालकाचा फोन येऊन गेला होता. उद्या बस चुकली, तर किल्ली टेबलावर.

संध्याकाळी लाँड्रीवाल्यानं रजई पाहून इस्त्री उभी केली. "ही कशी नेलीस तू? एका म्हाताऱ्याची आहे. हिच्याखाली झोपला, तो उठलाच नाही. मुलगी धुवायला टाकून गेली, ती पुन्हा आली नाही."

जड रजई लाँड्रीतच राहिली. त्या रात्री अंगावर तिसऱ्या फळीवरची, घरचीच रजई होती. हलकी.

बायको झोपली. नळ ठिबकत होता. सकाळी बस. मुलं. नाल्याची कड...

बारा वाजले. मग दोन.

शेवटी तो अंधारात कुजबुजला, "थोपट... पण सकाळी उठव."

त्यानं डोळे मिटले.

पाचला त्याला जाग आली, आपोआप. त्या दिवशी बस वेळेवर गेली, वेळेवर आली.

मामांनी पाय आखडून घेतले.

"संपली?" धाकटीनं विचारलं.

"तो जाऊन तास झाल्यावर बायकोनं पलंग आवरायला घेतला. गादीच्या कडेला, त्याच्या बाजूला, खळगा पडला होता. कुणी रात्रभर बसून राहावं तसा. तिनं हात टेकवला..."

"मग?"

"कोमट होता."