फणीवरचं पाणी

लातुरात दिवाणखान्यात सहा फुटी फिश टँक ठेवणं म्हणजे उपाशी पंगतीसमोर बसून आपणच जेवण्यासारखं आहे, हे आरतीने नवऱ्याला आधीच सांगून पाहिलं होतं. या गावाने दुष्काळात रेल्वेने आलेलं पाणी पाहिलेलं आहे. नळ सुटला की आजही माणसं हातातलं काम टाकून घरी पळतात. पण राजशेखरच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते सहजासहजी बाहेर पडत नसे. औसा रोडवर त्याचं टाइल्स-पाइपचं दुकान होतं, घर नवंकोरं होतं आणि एका गिऱ्हाइकाच्या बंगल्यात त्याने चंदेरी अरोवाना मासा पाहिला होता. झालं. टँक आला.

आरती ट्यूशन एरियात बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवायची. टँक यायचाच असेल तर निदान नीट यावा, म्हणून जादा पाणी बाहेर काढण्याची सोय, म्हणजे ओव्हरफ्लो कोणता बसवायचा, हे तिने स्वतःकडे घेतलं. बसवणारा अबुजर नांदेडच्या इतवाऱ्यातला. बडबड्या, फुशारक्या मारणारा, अंगाला अत्तर लावून पाइप कापणारा. त्याच्याकडे दोन प्रकार होते. एक, काठावर अडकवायचा डबा, जो सायफनने पाणी ओढून खालच्या टाकीत सोडतो. दुसरा, मागच्या काचेलाच भोक पाडून आतून बसवायचा.

"अडकवायचा सोपा हाय, मॅडम. काचेला हात लावायची गरज न्हाई. पण लाइट गेली की सायफन तुटतो. लाइट आली की पंप चालू, अन् पाण्याला जायला वाट न्हाई. मग सगळं पाणी तुमच्या सोफ्याखाली."

"आमच्याकडे लाइट जाते म्हणजे जातेच."

"मग भोकच पाडू. लई टाक्यांना पाडलेत मी. निजामाबादचे लोक मलाच बोलावून राहिलेत."

त्याने बसवलेल्या डब्याच्या वरच्या काठाला कंगव्यासारखे दात होते. अबुजर त्याला फणी म्हणे. पंप खालच्या टाकीतलं पाणी वर ढकलायचा, जादा झालेलं पाणी फणीवरून डब्यात पडायचं आणि पाइपने परत खाली जायचं. त्यामुळे वरची पातळी फणीपाशीच राहायची. टँकमध्ये हात घातला तर हाताएवढं पाणी भसकन फणीवरून खाली यायचं. हात काढला की वरचं पाणी फणीच्या खाली उतरायचं आणि पंप ते भरून काढेपर्यंत पाणी पडण्याचा आवाज थांबायचा. कमीजास्त जे काही व्हायचं ते खालच्या टाकीत. आरतीला ही रचना फार आवडली. वर्गात सांगण्यासारखी होती.

सुरुवातीला तो पाइप असा घोरायचा की टीव्ही ऐकू येईना. अबुजर परत आला, त्याने पाइपला व्हॉल्व्ह लावला, तोंडाशी एल्बो, म्हणजे वाकडा जोड, उलटा बसवला, हवेसाठी एक बारीक नळी काढली. घोरणं गेलं. उरला तो फणीवरून पडणाऱ्या पाण्याचा बारीक, एकसारखा आवाज. राजशेखरने छाती फुगवून पाहुण्यांना तो ऐकवला.

घर असं शांत झालं म्हणूनच तो आवाज मध्येच थांबतो, हे लक्षात आलं.

आधी चतुराबाईच्या लक्षात आलं. आरती क्लासला गेली की दुपारी घर आणि पाच वर्षांची गिरिजा चतुराबाईच्या ताब्यात असायची.

"ताई, ते पाणी मधीच गप बसतंय," ती म्हणाली. "जरा येळानं परत सुरू व्हतंय. मला न्हाई करमत तिथं."

आरतीने सुट्टीच्या दिवशी खुर्ची टाकून टँकसमोर बैठक मारली. दुपार कलायला लागली आणि पाणी थांबलं. पंप चालू होता. फणी स्वच्छ होती, व्हॉल्व्ह होता तसाच होता. वरची पातळी मात्र खाली गेली होती, बोटभर. थोड्या वेळाने पंपाने ती भरून काढली आणि पाणी पुन्हा पडू लागलं. म्हणजे टँकमधून काहीतरी बाहेर काढलं गेलं होतं. पण अरोवाना उड्या मारतो म्हणून झाकण स्क्रूने पक्कं केलेलं, आणि समोर तिच्याशिवाय कुणी नव्हतं. आतमध्ये मासा ठरलेल्या फेऱ्या मारत होता. इतके दिवस तो मधल्या रिकाम्या जागेला वळसा घालून जायचा, कधी तिच्यातून गेला नव्हता. आता तो सरळ मधून पोहत गेला.

संध्याकाळी पाणी एकदम भसाभसा खाली आलं. मासा पुन्हा वळसे घालू लागला.

आरतीला स्वतःचा राग आला. आपण बारावीच्या पोरांना प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायला शिकवतो आणि घरात एका पाइपला घाबरतो! तिने खालच्या टाकीच्या काचेवर नेलपॉलिशने दोन खुणा केल्या. आवाज थांबल्यावर पाणी जिथे उतरायचं ती एक, आणि भसकन आल्यावर जिथे चढायचं ती दुसरी. रोज तेवढंच उतरायचं, रोज तेवढंच चढायचं. मग दोन खुणांमधलं पाणी तिने काढून मोजलं. एक बादली आणि वर तीन-चार तांबे. माणसाचं अंग जवळजवळ पाण्याइतकंच जड असतं, हे ती दरवर्षी फळ्यावर लिहायची. बादलीचा आणि तांब्यांचा हिशेब तिने मनातल्या मनात केला आणि तांबा तिच्या हातातच राहिला. शाळेच्या तपासणीत गिरिजाचं वजन एवढंच भरलं होतं.

हे ती कुणाजवळ बोलली नाही. राजशेखरला फक्त, पाणी मध्येच थांबतं, टँक विकू या म्हणाली.

"एका व्हॉल्व्हसाठी?" तो हसला. "अगं, मी पाइप विकून खातो. ढिला असेल."

पुढे माशाने खाणं सोडलं. अबुजर त्याला पिशवीत घालून नांदेडला घेऊन गेला, चार दिवसांत बरा करून आणतो म्हणाला. राजशेखरने पाणी चालूच ठेवलं. बंद केलं की शेवाळ धरतं म्हणे. रिकाम्या टँकमध्ये दिवा जळत होता आणि फणीवरून पाणी पडत होतं.

"गिरू, तू दुपारी त्या काचेशी काय बोलतेस?" आरतीने एकदा जेवताना विचारलं. चतुराबाईने तिच्या कानावर घातलं होतं.

"काचेशी नाही बोलत."

"मग?"

"पाणी गप झाल्यावर काचेशी कशाला बोलायचं? तेव्हा ती बाहेरच असते ना." गिरिजाने वरण ओरपलं. "तिला आपलं घर आवडतं. माझी खोलीपण."

आरतीने तिला जवळ ओढलं. दुसऱ्या दिवसापासून तिने क्लासला सुट्टी टाकली.

त्या दुपारी चतुराबाई बाजारात गेली होती. आरती स्वयंपाकघरात होती आणि मुद्दाम दार उघडं ठेवून कान तिकडे लावून होती. पाणी थांबलं तशी ती हॉलच्या दाराशी आली. गिरिजा टँकसमोर उभी होती, दोन्ही तळवे काचेवर टेकवून. आरतीने तिला हाक मारली. तिने मागे पाहिलं नाही.

आता बास, असं आरतीला वाटलं. राजशेखर काय म्हणायचं ते म्हणू दे. ती फोनसाठी स्वयंपाकघरात वळली आणि अबुजरला लावला.

"मी आज लातुरातच हाय, मॅडम. एका दवाखान्यात टाकी लावून राहिलो. काय झालं?"

ती सांगणार तोच हॉलमध्ये पाणी कोसळलं. भसाभसा, रोजच्यासारखं. आरती फोन हातात घेऊन धावली.

गिरिजा सोफ्यावर बसली होती. कोरडी. केस जागच्या जागी, हात मांडीवर. "आई," ती म्हणाली आणि हसली.

आरतीच्या जिवात जीव आला. गुडघ्यांवर बसून तिने पोरीला मिठी मारली आणि तिच्या खांद्यावरून खालच्या टाकीकडे पाहिलं. पाणी वरच्या खुणेला होतं. म्हणजे जे काही होतं ते परत आत गेलं होतं. झाकण पक्कं होतं. उद्या दुपारी ते पुन्हा बाहेर येण्याआधी टँक घराबाहेर जायला हवा होता.

"टेम्पो घेऊन या," ती फोनमध्ये म्हणाली. "आत्ता. टँक घेऊन जा."

अबुजर आला तो माणसं घेऊनच. पंप बंद केला. आरतीने त्याला झाकणाचा एकही स्क्रू काढू दिला नाही. माशाला खाणं टाकायच्या भोकातून त्याने नळी घातली आणि पाणी बाहेर गटारीत सोडलं. शेजारचे गॅलरीत येऊन हळहळले. गिरिजा आरतीचं बोट धरून शांतपणे बघत होती.

पाणी उतरत गेलं तशी ओल्या काचेवर आतून वाफ धरली. पार वरपासून खालपर्यंत.

माणसांनी टँकला हात घातला आणि परत खाली ठेवला.

"पाणी राहिलंय का कुठं?" एकाने विचारलं.

अबुजरने वाकून तळ पाहिला. "रिकामी काच इतकी जड न्हाई राहत, मॅडम. झाकण काढून बघतो एकदा."

"नाही." आरतीचा आवाज चढला. "वाटेत उघडायचं नाही. नांदेडला गेल्यावरही नाही. मला वचन द्या."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. "हाव," तो म्हणाला.

टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला. आरतीने दार लावून घेतलं, ओली फरशी पुसली आणि भिंतीला टेकून पोटभर रडली. सुटलो, असं तिला वाटलं. पोर वाचली.

दिवेलागणीला तिने गिरिजाच्या अंघोळीसाठी टब लावला. राजशेखरचा फोन आला, तो रागावला, तीही रागावली, आणि तेवढ्यात टब काठोकाठ भरला. ती नळ बंद करायला धावली. गिरिजाने कपडे काढून ठेवले होते.

"थांब, गिरू. थोडं पाणी काढू दे, सांडेल."

पण गिरिजाने एक पाय आत टाकला. मग दुसरा. मग ती खाली बसली, गळ्यापर्यंत.

पाणी काठाला होतं तिथेच राहिलं. एक थेंब खाली आला नाही.

आरतीने आपला हात मनगटापर्यंत पाण्यात घातला. पाणी लगेच काठावरून फरशीवर सांडलं.

दुपारी फणीवरून पाणी सांडवत जे अंग टँकमध्ये गेलं, ते घेऊन टेम्पो एव्हाना अहमदपूर ओलांडून गेला असेल. तिने फोन उचलला. अबुजरचा फोन वाजत राहिला.

"आई," टबमधून आवाज आला, "माझी खोली दाखव ना."