जरा कमी औषध

कॉरिडॉरच्या वळणावर ती आमच्या भुलीच्या डॉक्टरांवर आदळली. फाइल पडली, दोघं एकदमच वाकले, हसले... आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. दुर्बिणीने आतडं तपासून घ्यायला आलेल्या आजींची ती नात. लांब वेणी, गालाला खळी, आणि आजींपेक्षा डॉक्टरांचीच चौकशी जास्त.

मी रिकव्हरी रूममधली नर्स. तपासणी झाली की गुंगीतली माणसं माझ्याकडे येतात. म्हाताऱ्यांना शुद्धीवर यायला वेळ लागतो. नाव विचारायचं, वार विचारायचा, घोट घोट पाणी द्यायचं, आधी बसवायचं, मगच उभं करायचं. हे सगळं मला छान जमतं. जमत नाही ते एवढंच, डॉक्टर औषध देताना पेशंटच्या कानात काय पुटपुटतात ते त्यांना विचारणं. जो तो हसत हसत झोपतो, आणि मी इकडे जळते.

आज काचेतून पाहिलं, तर आजींच्या कानाशी ते जरा जास्तच वेळ वाकलेले. नातीचं कौतुक चाललं असणार, दुसरं काय. मेली ती वेणी.

आजी माझ्याकडे आल्या. बऱ्याच वेळाने डोळे किलकिले झाले.

"आजी, आज वार कोणता?"

"वाराचं राहू दे. माझ्या नातीला सांगू नकोस हं... डॉक्टरचं मन दुसरीकडे आहे."

माझा हात थांबला. "कुठे?"

"इथेच, रिकव्हरीत. म्हणाला, पेशंटशी गोड बोलते, माझ्याकडे मान वर करून बघतसुद्धा नाही. भित्रा आहे गं तो."

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. गुंगीतलं बोलणं मनावर घेऊ नका, असं मीच सगळ्या नातेवाइकांना सांगते. तरी माझे कान तापले.

तेवढ्यात डॉक्टर आजींना बघायला आले.

"आजींना औषध कमी दिलंत?" मी विचारलं.

"या वयात जपूनच द्यावं लागतं. जास्त झालं तर श्वास मंदावतो. का, काही त्रास?"

"नाही. त्यांना सगळं आठवतंय... तुम्ही कानात सांगितलेलंसुद्धा."

ते मॉनिटरकडे बघत राहिले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"उठल्यावर कुणाला आठवत नाही," ते हळूच म्हणाले, "म्हणून तर सांगत होतो."

"सगळ्यांना?"

"वर्षभर... जवळजवळ सगळ्यांना."

म्हणजे वर्षभर मी माझ्याच कौतुकावर जळत होते. आनंद झाला आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

"आणि ती वेणीवाली?"

"जिची फाइल पडली ती? तिला वेणी होती?"

इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी मान वर केली आणि त्यांच्याकडे नीट बघितलं.

"मग आता मला सांगा. मी पूर्ण शुद्धीत आहे."

"तेच तर अवघड आहे—"

त्यांनी घसा खाकरला, पुन्हा खाकरला. मी जागची हलले नाही.

"सांग की रे," आजी डोळे न उघडताच म्हणाल्या, "मी झोपलेय."