खर्जाचा डबा

हे खरं घडलंय.

मी तिथे होते. गाडीचा गार्ड ग्विलिम तिथे होता, इंजिनवरचा मायरिग तिथे होता. या दोघांना आजही त्याबद्दल विचारलं तर ते हवापाण्याच्या गोष्टी काढतात. म्हणून मीच लिहिते.

गेल्या वर्षीचा जून. शुक्रवारची संध्याकाळ. जागा, उत्तर वेल्समधलं आमचं कुम हेस्गिनचं खोरं.

जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. त्यामुळे अंधारात भास झाला असेल, असं कुणी म्हणू नका.

सगळं लख्ख उजेडात झालं.

मी लग्न होऊन या खोऱ्यात आले, त्याला आता उभं आयुष्य झालं. नलिनी हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून मी इथली नेल. पहिल्यांदा इथल्या चॅपलमध्ये गेले तेव्हा भाषेचं अक्षरही कळत नव्हतं. पण म्हातारे पाद्री प्रवचन सांगता सांगता एकदम सुरात गेले. शब्द लांबले, त्यांचं गाणं झालं, आणि पाद्री पुन्हा बोलण्यावर आले. थेट आमच्या गावच्या हरदासबुवांसारखे! मी तिथेच डोळे पुसले. त्या दिवसापासून हे खोरं माझं झालं.

आमच्याकडे वाफेची जुनी रेल्वे आहे. पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी बांधलेली. खाण बंद पडली तशी सरकारने गाडीही बंद केली. मग गावातल्या हौशी लोकांनी रूळ साफ केले, इंजिन दुरुस्त केलं आणि ती पुन्हा चालू केली. कुणालाही पगार नाही. कुणी कोळसा टाकतं, कुणी पितळ घासतं. उन्हाळ्यात गाडीत गाण्याच्या संध्याकाळी ठेवतो. त्यांची जाहिरात माझ्याकडे.

त्यातली सगळ्यात लाडकी संध्याकाळ भजनांच्या गाडीची.

इथे भजन चार सुरांत म्हणतात. बायकांचे दोन, पुरुषांचे दोन. चॅपलमध्येही लोक आपापल्या सुराप्रमाणे वेगवेगळे बसतात. म्हणून आमच्या गाडीलाही चार डबे, प्रत्येक सुराला एक. शेवटचा खर्जाचा.

जुने डबे आहेत. प्रत्येक खणाला बाहेरून स्वतंत्र दार, आणि एका डब्यातून दुसऱ्यात जायला वाट नाही. गाडी सुटली की बसलात तिथे बसलात.

गेल्या वर्षी तीन डबे भरले.

खर्जाचा भरेना.

खर्ज लावायचे ते खाणीतले पुरुष. खाणीचं भजनी मंडळ मोठं नावाजलेलं होतं. त्यातला आता एकच उरला होता, हेविन. आणि त्याच्या घशाचं ऑपरेशन झालेलं. आवाज गेला. उरली नुसती कुजबुज. तेव्हापासून माणूस घराबाहेर पडेना. खुर्चीत बसून राही, भिंतीकडे बघत.

त्याची बायको एलिनेड माझी मैत्रीण. भजनांना हात देते तीच. म्हणजे पुढे उभी राहून सगळ्यांना सुरात आणि तालात धरते. ती एकदा चहाच्या टपरीमागे माझा हात धरून रडली.

"नेल, तो मरेल गं असा. मी त्याला कसाबसा गाडीत आणून बसवते. तू एवढंच कर. त्या डब्यात तो एकटा बसता कामा नये. बाजूला माणसं गाताना दिसली की त्याला बरं वाटेल."

"माणसं मी आणते," मी म्हटलं.

शब्द देऊन बसले खरी.

मग नवं पोस्टर केलं. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, खोऱ्यातल्या झाडून सगळ्या खर्जवाल्यांनो, या. तुमचा डबा राखून ठेवला आहे.

आणि डबा खरंच राखून ठेवला. प्रत्येक काचेवर 'राखीव' अशी चिठ्ठी. कीर्तनात मारुतीरायासाठी पाट मांडून ठेवतात ना, तसं मनात आलं. जागा मांडली की येणारा येतो.

रेल्वेच्या वाटेवरच्या एकूण एक फळ्यावर पोस्टर लावायचं, ही आमची जुनी रीत. पोस्टाचा फळा, खाणावळीचा, शाळेचा... आणि सोअर चॅपलचा. ते चॅपल कधीचंच बंद पडलंय. भोवती नुसतं कबरस्तान. पण फळ्याच्या पेटीची किल्ली अजून आमच्या जुडग्यात आहे, म्हणून आम्ही तिथेही लावतो. कुणी का म्हणून विचारत नाही.

त्या दिवशी ग्विलिमने विचारलं. तो शाळेत जीवशास्त्र शिकवायचा, जिभेला हाड नाही.

"नेलबाई, इथे कोण वाचणार? इथले सगळे आडवे झालेत!"

"आडवे असोत," मी पेटी बंद करत म्हटलं, "खर्जवाले आहेत ना? मग येऊ देत."

आम्ही दोघं हसलो.

का हसलो...

तो शुक्रवार उजाडला. पलीकडच्या खोऱ्यातलं एक मंडळ यायचं कबूल होतं. खर्जवाले भरपूर. माझी सगळी भिस्त त्यांच्यावर. दुपारी फोन आला. त्यांची बस घाटात बंद पडली होती.

येत नाही म्हणाले.



संध्याकाळी फलाटावर नुसती झुंबड. बायका टोप्या घालून, पोरं खाऊ घेऊन. आणि त्या गर्दीतून एलिनेड हेविनला हाताला धरून घेऊन आली. मंडळाचा जुना निळा कोट, बूट चकचकीत. एलिनेडने माझ्याकडे बघितलं. माणसं आलीत ना, असं नजरेनेच विचारलं.

मी मान हलवली. हो की नाही, ते माझं मलाच कळलं नाही.

तिला पुढे बोलावणं आलं, ती गेली. मी हेविनला खर्जाच्या डब्यात बसवलं.

"मी बसते तुमच्यासोबत," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. कुजबुजत म्हणाला, "खर्जाच्या डब्यात बाई? लोक काय म्हणतील! पळ पुढे."

गाडी सुटली.

वळणावर मी खिडकीतून मागे बघितलं. सगळ्या डब्यांतून हात बाहेर, रुमाल बाहेर. शेवटच्या डब्याच्या एका काचेआड त्याचा पांढरा चेहरा.

बाकी काचा रिकाम्या.

पहिला थांबा सोअरचा. तिथे कातळ कापून रूळ घातलेत, त्यामुळे सूर दगडावर आपटून घुमतो. म्हणून पहिलं भजन तिथेच. फलाट आखूड आहे. शेवटचा डबा फलाटाबाहेरच राहतो, थेट कातळाच्या फटीत. तिथे उतरता येत नाही. चढताही येत नाही.

गाडी थांबली. एलिनेड खाली उतरून फलाटावर उभी राहिली. तिने हात वर केला. सगळे गप्प.

आणि मागून आवाज आला...

धाड.

डब्याचं दार लागल्याचा.

मग दुसरं. धाड. तिसरं... एकामागून एक, शेवटच्या डब्याची दारं लागत गेली.

मला इतका आनंद झाला! वाटलं, मंडळाची बस सुरू झाली. आले बाई एकदाचे. एलिनेडनेही ऐकलं. माझ्याकडे बघून ती हसली.

त्या बाजूला रस्ताच नाही, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातच आलं नाही.

भजन सुरू झालं. आधी बायकांचा वरचा सूर. मग त्याखालचा. मग पुरुषांचा.

मग खर्ज लागला.

काय सांगू... कानांनी ऐकू येण्याआधी तो पायाखालच्या लाकडात आला. बाकाच्या लोखंडात आला. एवढा दांडगा खर्ज मी या खोऱ्यात कधी ऐकला नव्हता. अंगावर सरसरून काटा आला. शेजारची बाई गाता गाता हुंदके द्यायला लागली.

पण एक आवाज त्यात जरा पुढे होता. प्रत्येक ओळीला, एलिनेडचा हात पडायच्या आधीच तो सुरू करायचा. इतर मागून त्याला गाठायचे.

दुसऱ्या कडव्याला मी एलिनेडकडे बघितलं.

तिचा हात हवेतच थांबला होता. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही.

हात थांबला, तरी खर्ज थांबला नाही. कडवं पुरं करूनच थांबला.

ती कशीबशी आमच्या डब्यात चढली. मी तिचे हात चोळले. बर्फ.

"हारी," ती पुटपुटली. "पाववाला हारी. जन्मभर मी त्याच्यावर ओरडले, हात बघून सुरू कर, हात बघून..."

पाववाल्या हारीच्या मातीला मी स्वतः गेले होते.

सोअरलाच.

गाडी पुढे निघाली. पुढे चढ आहे. हे इंजिन तो चढ खेळत चढतं. त्या दिवशी चाकं जागच्या जागी फिरली. घसरली. पुन्हा फिरली. मायरिगने रुळांवर वाळू सोडली, तेव्हा कुठे ती पुढे सरकली. वरच्या स्टेशनात आल्यावर तो घाम पुसत खाली उतरला आणि ओरडला,

"मागे काय भरलंय रे ग्विलिम? अख्खी खाण भरून आणलीस की काय?"



ग्विलिम खर्जाच्या डब्यापाशी उभा होता. खणाचं दार उघडायचा. दार धरून थोडा वेळ थांबायचा. मग पुढचं उघडायचा. पुन्हा थांबायचा.

मी जवळ गेले. "कुणासाठी थांबलायस?"

"सगळ्यांना उतरू दे की," तो सहज म्हणाला.

आणि स्वतःचेच शब्द ऐकून त्याने दारावरचा हात काढला.

काचा आतून धुरकटल्या होत्या. माणसांनी गच्च भरलेल्या डब्याच्या होतात तशा. आतून पेपरमिंटच्या गोळ्यांचा वास येत होता. चॅपलमध्ये प्रवचन लांबलं की म्हातारे खिशातून काढून एकमेकांना देतात, त्या गोळ्यांचा.

"मधल्या फळीपलीकडेच, गार्डच्या खणात होतो मी," ग्विलिम हळू म्हणाला. "गोळ्यांचे कागद वाजत होते, नेल. कुणी खाकरत होतं. कुणीतरी हसलं..."

हेविन शेवटच्या खणात होता. अगदी कोपऱ्यात, खिडकीला चिकटून बसलेला. बाक सगळा रिकामा.

"अहो, एवढ्या कोपऱ्यात का बसलात?" मला तेवढंच सुचलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच मी त्याला हसताना बघत होते.

"सरकून बसावं लागलं गं," तो कुजबुजला. "जागा कुठाय?"

परतीला त्याला पुढच्या डब्यात बसवायचा एलिनेडने खूप प्रयत्न केला. तो ऐकेना. परतताना कुणी गायलं नाही. सोअरला गाडी थांबायची नव्हती. मायरिगने थांबवली. का, ते त्याने आजवर सांगितलेलं नाही.

पुन्हा मागून तेच. धाड... धाड... धाड...

आणि गाडी सुटली ती कापसासारखी हलकी.

मी घरी आले. देवापुढे दिवा लावला. रामरक्षा म्हटली. भीती वाटत होती आणि वाटतही नव्हती. ज्यांनी आयुष्यभर देवाचं नाव गायलं, ते वाईट कसे असतील? मनाला हेच समजावलं.

हेविन बरा झाला. खरंच बरा झाला. जेवायला लागला, दाढी करायला लागला. फक्त दर गुरुवारी संध्याकाळी निळा कोट घालून निघायचा. कुठे, विचारलं तर म्हणायचा, "तालमीला."

सोअरच्या थांब्यावर जाऊन बसायचा. बाकाच्या एका टोकाला, सरकून.

एलिनेड मला म्हणायची, "त्याला एकटं वाटू नये म्हणून केलं गं आपण. आता घरात मी एकटी असते."



जानेवारीत हेविन गेला. गुरुवारी. कोट घालून, बूट बांधून, खुर्चीतच. तोंडात पेपरमिंटची गोळी होती. त्यांच्या घरात या गोळ्या कुणी आणत नाही. एलिनेडला त्या वासाने मळमळतं.

यंदा भजनांची गाडी ठेवूच नये, असं मी बैठकीत म्हटलं. पण गेल्या वर्षीचा खर्ज ऐकलेले लोक तिकिटांसाठी मागे लागलेत. कुठून कुठून फोन येतात. तेच मंडळ बोलवा म्हणतात.

कोणतं मंडळ, म्हणून सांगू...

परवा एलिनेड आली. शांत होती. बऱ्याच दिवसांनी केस नीट केलेले.

"पोस्टर तेच ठेव हं," म्हणाली. "शब्द बदलू नकोस. आणि मला यंदा खर्जाच्या डब्यात बसव."

"हात कोण देणार मग?"

"देईल कुणीतरी. मी नुसती बसेन. हेविनशेजारी थोडी जागा होईल."

ती दारापर्यंत गेली, मागे वळली.

"परतीचं तिकीट नको हं मला. फक्त जायचं दे."

आमच्याकडे फक्त जायचं तिकीट नसतंच. गाडी वर जाते आणि खाली येते, एवढंच. हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

मी तिला अजून काहीच दिलेलं नाही. देणारही नाही, असं ठरवलंय. रोज तिच्या नावाने रामरक्षा म्हणते.

पण आज सकाळी दूध आणायला गेले, तेव्हा तिची शेजारीण कुंपणापाशी भेटली. कडेवर एलिनेडचं मांजर होतं.

"सांभाळायला दिलंय का?" मी विचारलं.

"नाही गं," ती म्हणाली. "देऊनच टाकलं. कायमचं."