नोन्नोंच्या टेपवरचा बैल

“गप्प बसा सगळे! आता बैल डुरकणार!” झिओ सिल्वानोने, म्हणजे सिल्वानो काकाने, हात वर करून जाहीर केलं आणि टेपरेकॉर्डरचं बटण खाडकन दाबलं.

पडवीतल्या लांबलचक टेबलावर काटेचमचे थांबले. ऑर्नेलाने धाकट्या भावाच्या, दारिओच्या, तोंडावर हात ठेवला, कारण तो नेमका याच वेळी कलिंगडाच्या बियांनी नेमबाजी करत होता. टेपची दोन मोठी चाकं गरागरा फिरू लागली. आधी नुसतीच खरखर. मग कुठलंसं घड्याळ वाजलं. आणि मग –

“भुक्! भुक्! भुक्!”

आणि पडवीत जो हशा उठला!

“पापा, तुमचा बैल तर भुंकतो की हो!” झिओच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. “आणि याच्यासाठी मी बुलडोझर परत पाठवू?”

टेबलाच्या टोकाला नोन्नो बसले होते. नोन्नो बेपी म्हणजे ऑर्नेला आणि दारिओचे आजोबा. हसले नाहीत ते एकटेच.

प्रकरण असं होतं. शेताच्या कडेला लव्हाळ्यांनी भरलेली एक दलदल होती. ती बुजवून तिथे भात लावायचं झिओच्या मनात होतं आणि मंगळवारी सकाळी बुलडोझर येणार होता. नोन्नोंचं म्हणणं एकच, की तिथे कुणीतरी राहतं. संध्याकाळी बैलासारखं डुरकतं. नोन्नो तरुणपणी इटलीहून इथे आले, तेव्हापासून ते हेच सांगत होते, आणि तेव्हापासून सगळं गाव त्यांना ‘बन्यिपवाला बेपी’ म्हणून चिडवत होतं. बन्यिप म्हणजे पाणवठ्यातलं भूत, इकडच्या आया ज्याचं नाव सांगून पोरांना पाण्यापासून लांब ठेवतात ते! शेवटी आज नोन्नो म्हणाले होते, “माझ्याकडे त्याचा आवाज आहे. टेपवर.” आणि झिओनेही सगळ्यांसमोर शब्द दिला होता, “दलदलीत खरंच कुणी राहत असेल, तर एक लव्हाळं तोडणार नाही!”

“यंत्र बिघडलं असेल,” ऑर्नेला म्हणाली.

“बिघडलं? कालच माझी अ‍ॅकॉर्डियनची टेप लावली होती. झकास वाजते!” झिओ म्हणाला. त्याने टेप इतक्या घाईत उलटी फिरवली, की निम्मी जमिनीवर सांडली आणि पायाशी शेवयांचा ढीग झाला.

नोन्नो काठी टेकत उठले आणि आपल्या खोलीत निघून गेले.

जेवण झाल्यावर तिघं अंजिराच्या झाडाखाली जमली. तिसरी किट, शेजारच्या शेतावरची. ऑर्नेला आणि दारिओ दर नाताळच्या सुट्टीत मेलबर्नहून इथे आले, की किट यांच्याच घरी पडीक असायची. नोन्नो तिचे कुणी लागत नव्हते, पण तीही त्यांना नोन्नोच म्हणायची.

“ते कुत्रं नव्हतं,” किट म्हणाली.

“मग काय, मांजर भुंकत होतं?” दारिओने विचारलं.

“गप रे! तुम्ही कुणी ते घड्याळ नीट ऐकलंत का? भुंकण्याच्या आधीचं?”

“घड्याळ कसलं ऐकतेस! सगळे हसत होते.”

“म्हणूनच! टेपवरचं घड्याळ कुठलं असेल?”

“पडवीतलंच,” ऑर्नेला म्हणाली. “या घरात दुसरं कधी नव्हतंच.”

“पडवीतलं कसं वाजतं? जेवण जास्त झाल्यासारखं. डंऽऽऽ... डंऽऽऽ... आणि टेपवरचं? टिंग टिंग टिंग टिंग, गाडी चुकत असल्यासारखं!” किट गावच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायची. तिच्या कानांवरून सूर निसटणं कठीण होतं.

ऑर्नेला ताडकन उठली. “चला, नोन्नोंकडे!”

नोन्नो खिडकीपाशी बसले होते. ऑर्नेलाला वाटलं होतं, ते रागावलेले असतील. रागावलेले असते तर बरं झालं असतं.

“म्हातारपणी माणसाला काहीबाही आठवतं, पोरी,” ते हळूच म्हणाले. “कुत्रंच असेल ते. मीच उगाच इतकी वर्षं...”

नोन्नो कुणाशीही भांडोत, पण स्वतःच्या कानांवर त्यांनी अविश्वास दाखवावा? हे ऑर्नेलाला मुळीच सहन झालं नाही.

“नोन्नो, आम्हाला ती टेप लावायला शिकवा,” ती म्हणाली. “आत्ताच्या आत्ता.”

नोन्नो तिच्याकडे बघून म्हणाले, “आधी हात धुऊन या. साबणाने.”

त्या दिवसांत घराघरांत कॅसेट आल्या होत्या. डबी खुपसली, बटण दाबलं, की झालं! हे यंत्र मात्र सुटकेसएवढं, आणि त्याचा मान वेगळाच. नोन्नोंच्या आईला वाचता येत नव्हतं, म्हणून तरुण बेपीने कागदाऐवजी टेपवर पत्रं पाठवली होती. टेप बोटीने इटलीला जायची, आई शेजाऱ्यांच्या यंत्रावर ऐकायची, आणि महिन्यांनी तिकडून दुसऱ्या टेपवर तिचा आवाज यायचा. हे ऐकल्यावर दारिओसुद्धा यंत्राकडे जरा अदबीने बघायला लागला.

नोन्नोंचे हात आता थरथरायचे, डोळ्यांनाही धूसर दिसायचं. पण शिकवायला बसल्यावर त्यांचा आवाज कसा खणखणीत झाला!

“आधी कापसाला स्पिरिट लाव आणि हे हेड पूस. टेपवरचा आवाज हेच वाचतं. आमच्या चष्म्यासारखं, घाण झालं की संपलं! आता डाव्या चाकावरून टेप घे. चकचकीत बाजू आपल्याकडे, मंद बाजू हेडकडे. या फटीतून अलगद ने. आता रिकाम्या चाकाला दोन वेढे. ताणू नकोस! ढिलीही नको!”

“ही खुंटी कशाला आहे?” दारिओने मध्येच विचारलं.

“थांब रे,” नोन्नो म्हणाले. त्यांचं सगळं लक्ष ऑर्नेलाच्या बोटांकडे होतं. “शाबास! पहिल्याच खेपेला! मला महिना लागला होता.”

तेवढ्यात पडवीतलं घड्याळ वाजायला लागलं. डंऽऽऽ... डंऽऽऽ... किटने पायाने ठेका धरला. “आता टेप लाव!” ती ओरडली.

टिंग टिंग टिंग टिंग! टेपवरचं घड्याळ धावत सुटलं. किटचा पाय तसाच ठेका देत होता, आणि पायाच्या एका ठोक्यात घड्याळाचे दोन उरकत होते.

“दुप्पट! हे यंत्र दुप्पट वेगाने पळतंय!”

“मग झिओची अ‍ॅकॉर्डियनची टेप कशी बरोबर वाजते?” ऑर्नेला म्हणाली. पुन्हा पंचाईत!

“पण ही खुंटी कशाला आहे?” दारिओ आता चिडला होता. “मघापासून विचारतोय! या घरात लहान माणसाला कुणी उत्तर देत नाही!”

“अरे, ती टोपीची खुंटी,” नोन्नो म्हणाले. “टेप ओढणारा जो दांडा असतो ना, त्याच्यावर चढवायची छोटी पितळी टोपी. गाणंबिणं भरायचं असलं, की ती चढवायची. दांडा जाड होतो, टेप दुप्पट पळते, आवाज स्वच्छ येतो. पत्रांना कशाला हवी ती चैन? माझ्या सगळ्या टेपा टोपी काढूनच भर...”

नोन्नो बोलता बोलता थांबले. त्यांचं बोट खुंटीवर गेलं. खुंटी रिकामी होती.

ऑर्नेलाने मान वाकवून आत पाहिलं. रबरी चाकाला लागून उभा असलेला दांडा पितळेसारखा पिवळा चमकत होता.

“टोपी दांड्यावरच आहे!”

“सिल्वानो!” नोन्नो ओरडले. “त्याने पोरपणी त्याचा बाजा भरला होता! चढवली ती चढवली, उतरवलीच नाही गाढवाने!”

टोपी इतक्या वर्षांत घट्ट बसली होती. ऑर्नेलाने रुमालात धरून पिळली, किटने पिळली, आणि शेवटी दारिओने जीभ बाहेर काढून पिळली तेव्हा ती निघाली. ऑर्नेलाने टेप मागे नेली आणि बटण दाबलं.

डंऽऽऽ... डंऽऽऽ... तेच घड्याळ! तेच जेवण जास्त झालेलं घड्याळ! ते थांबलं, बेडकांचा आवाज आला, आणि मग खोलीतल्या लाकडी फळीला कंप सुटला.

“बूऽऽऽम... बूऽऽऽम... बूऽऽऽम...”

दारिओ किटला चिकटला. नोन्नोंच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

“मी वेडा नव्हतो,” ते म्हणाले.

झिओला हाताला धरून आणलं. त्याने ऐकलं आणि त्याचं हसू मावळलं. पण बुलडोझर ठरवलेला माणूस इतक्या लवकर हार मानतो होय?

“बरं बाबा, बैल खरा. पण ही टेप माझ्या जन्माच्या वेळची! आज कुठे आहे तो बैल? आज संध्याकाळी मला काही ऐकू आलं, तर बोला.”

“तुला कसं ऐकू येणार?” नोन्नो म्हणाले. “रोज दिवस मावळताना तुझा डिझेलचा पंप धडधडत असतो. मला त्याचं डुरकणं अधूनमधून छातीत जाणवतं, पण माझं कोण ऐकतं?”

झिओ गेल्यावर तिघांचे चेहरे पडले. आणि मग ज्याला या घरात कुणी उत्तर देत नव्हतं, तोच बोलला.

“नोन्नो, तुम्ही टेप पाठवलीत, की तुमची आई उत्तर पाठवायची ना? मग ही टेप दलदलीला पाठवू! त्याच्यासारखाच आवाज ऐकला, तर तोही उत्तर देईल!”

किटने त्याच्या पाठीत जोरदार धपाटा घातला. हे तिचं कौतुक होतं.

सूर्य कलला तसं सगळं घर पडवीत गोळा झालं. यंत्र खिडकीत ठेवलं होतं, कर्णा दलदलीकडे.

“आधी तो पंप बंद करा!” किटने झिओला बजावलं. एवढ्याशा मुलीने हुकूम सोडलेला पाहून झिओ मुकाट्याने गेला. पंप थांबला, आणि किती आवाज त्याच्याखाली दबले होते ते तेव्हा कळलं. बेडूक, रातकिडे, दूर कालव्याचं पाणी.

ऑर्नेलाने टेप लावली. बूऽऽऽम... बूऽऽऽम... बूऽऽऽम... तिने टेप थांबवली. सगळे वाट पाहत राहिले. लव्हाळी हलली, पण ती वाऱ्याने.

पुन्हा लावली. पुन्हा नुसते बेडूक.

“पोरांनो, वाईट वाटून घेऊ नका,” झिओ उठत म्हणाला. खरं तर त्यालाही आता वाईट वाटत होतं. “नसेल कुणी.”

“आणखी एकदा!” ऑर्नेला म्हणाली. तिने टेप मागे नेली, लावली, थांबवली. नोन्नोंनी डोळे मिटून घेतले होते.

“बूऽऽऽम.”

“अगं, थांबव की आता ती टेप,” झिओ म्हणाला.

“थांबवलीय!” दारिओ किंचाळला. “चाकं बघा, झिओ! चाकं बघा!”

सगळ्यांनी पाहिलं. दोन्ही चाकं निश्चल होती. आणि समोरच्या अंधुक लव्हाळ्यांतून पुन्हा तोच आवाज आला, इतका खोल की टेबलावरचे पेले किणकिणले. “बूऽऽऽम... बूऽऽऽम...”

झिओ सिल्वानो मटकन खाली बसला.

सकाळी किटच्या वडिलांच्या दुर्बिणीतून तो दिसलासुद्धा. बैल नव्हे आणि बन्यिपही नव्हे! लव्हाळ्यांत मान सरळ आभाळाकडे ताणून, आपणही एक लव्हाळंच आहोत अशा थाटात उभा असलेला तपकिरी पक्षी, बगळ्याच्या कुळातला बिटर्न. अशा दलदली बुजत गेल्या तसा तोही दुर्मीळ होत गेलेला. बुलडोझरला तेव्हाच निरोप गेला.

“पापा,” झिओ सगळ्यांसमोर म्हणाला, “टोपी मी विसरलो, आणि खोटे तुम्ही ठरलात. मला माफ करा. गावात कुणी पुन्हा तुम्हाला चिडवलं, तर माझ्याशी गाठ आहे!” मग त्याने ती पितळी टोपी स्वतःच्या हाताने खुंटीवर अडकवली. “आणि तुम्ही तिघं! मी रोज त्या यंत्राशेजारून जातो, पण मला जे दिसलं नाही ते तुम्ही एका दुपारीत शोधलंत. कमाल आहे तुमची!”

“एका दुपारीत नाही,” दारिओ म्हणाला. “मी लगेच विचारलं होतं, खुंटी कशाला आहे म्हणून!”

त्या संध्याकाळी नोन्नोंनी कपाटातून एक कोरी टेप काढली. आई आता नव्हती, पण इटलीत त्यांचा धाकटा भाऊ होता, आणि त्याच्याकडे तसलं यंत्र अजून होतं. ऑर्नेलाने टेप ओवली, दोन बोटांनी दोन बटणं एकदम दाबली आणि लाल दिवा लागला. नोन्नो माइकपाशी वाकले, तोच तिने हात वर केला.

“थांबा, नोन्नो! आधी घड्याळ वाजू दे.”

“कशाला गं?” झिओने कुजबुजत विचारलं.

“म्हणजे ऐकणाऱ्याला कळेल, टेप बरोबर चाललीय की धावतेय ते.”

इतकी वर्षं यंत्र वापरून नोन्नोंना स्वतःला हे सुचलं नव्हतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

घड्याळ सावकाश वाजलं. दलदलीतून दोनदा उत्तर आलं. मग नोन्नो माइकमध्ये म्हणाले, “ऐकलंस ना, भाऊ? तो अजून आहे. आणि मीही.”