बारा जणींचं हामरवीक

सुन्नवा सकाळी क्लबच्या जिन्याच्या पायथ्याशी सापडली. डोकं फुटलेलं, डोळे मिटलेले, श्वास तेवढा चालू. धुकं इतकं दाट होतं की हेलिकॉप्टर उतरेना. शेवटी रुग्णवाहिका तिला बोगद्यातून राजधानीत, टोर्शहाव्नच्या इस्पितळात घेऊन गेली. वाचेल की नाही, हे सांगायला डॉक्टर तयार नव्हते.

दुपारी दोनला महिला फुटबॉल लीगचा शेवटचा सामना होता. हामरवीकमध्ये माणसं दोनशे, मेंढ्या हजार आणि संघात मुली मोजून बारा. सुन्नवा त्यांची गोलकीपर. आज नुसती बरोबरी झाली तरी विजेतेपद पहिल्यांदाच गावात येणार होतं.

पोलीस अधिकारी मार्युन क्लबच्या पुढच्या दारात आली. एकेकाळी तीही या लीगमध्ये खेळली होती. सवयीने बूट काढायला वाकली आणि तशीच वाकून राहिली.

मांडणीवर दोनच जोड्या होत्या. एक सुन्नवाची. दुसरी पुरुषाची, चामडी, घोट्याच्या वरपर्यंत लांब नाड्यांची. नाड्या नीट सोडून, टाचा जुळवून, स्वतःच्या खुंटीखाली ठेवलेली. तिच्यावरचा चिखल वाळून गेला होता. दारापासून जिन्यापर्यंत फक्त एका जोडीचे ओले ठसे होते, खेळाच्या बुटांचे. रुग्णवाहिकेची माणसं मागच्या दाराने आली होती, त्यामुळे हा बोळ तसाच राहिला होता.

स्वयंपाकघरात तिघं बसली होती. प्रशिक्षक हानुस, राखीव गोलकीपर बाइन्ता, आणि संघाचे कपडे धुणारी एल्स्पा, बाइन्ताची आजी. कॉफी कुणी प्यायली नव्हती.

"तू कुठे होतास, हानुस?"

"मैदानावर. मेंढ्या पुन्हा गोलात शिरल्या होत्या. किंकाळी ऐकली नि तसाच धावत सुटलो. आत येतो तर ही बाइन्ता तिच्या उशाशी उभी."

"मी बसमधून उतरून आले," बाइन्ता ओरडली. "किंकाळी-बिंकाळी काही नव्हती! दारातूनच ती पडलेली दिसली, म्हणून धावले. दुसरं कुणी नव्हतं तिथे. हानुस मागून आला."

"मागून म्हणजे कुठून?"

"कोण जाणे. मी तिच्याकडे बघत होते."

हानुसने नजर वळवली. "तीन वर्षं बाकावर बसलीय पोर. सुन्नवा नसेल तर गोलात कोण उभं राहणार? मी नाही म्हणत, सगळं गाव म्हणेल."

"जीभ झडो तुझी!" एल्स्पा उसळली. मग नातीकडे वळली. तिचा राग असाच, ज्याच्यावर जीव त्याच्यावरच निघायचा. "आणि तू गं? चिखलाच्या बुटांनी माझ्या फरशीवर? जन्मात कधी केलं नव्हतंस. या मेल्याकडून तेवढं तरी शीक. वीस वर्षांत एक डाग नाही. आजसुद्धा बघ त्याचे बूट!"

"तुम्ही कुठे होता, एल्स्पाआजी?"

"मागच्या खोलीत. मी मागच्या दारानेच येते-जाते. यंत्र गरगरत होतं, काही ऐकू येत नव्हतं. सुन्नवाचाच शर्ट होता त्यात. काल म्हणाली, आजच्या सामन्यानंतर तो मी ठेवून घेऊ का? मी म्हटलं, शर्ट क्लबचा. हानुसला विचार."

मार्युनने हानुसच्या पायांकडे पाहिलं. पायात नुसते लोकरीचे मोजे होते.

"हानुस, किंकाळी ऐकून तू धावत सुटलास. मग दारात थांबून एवढ्या लांब नाड्या कशा सोडल्यास?"

"सवय असते माणसाला."

"सवय बाइन्तालाही आहे. तिची तर आजीच फरशी पुसते. पण समोर माणूस पडलेलं दिसल्यावर तिला फरशी आठवली नाही. तिच्या बुटांचा चिखल ओला आहे, तुझ्या बुटांवरचा वाळलाय. त्या बुटांचा एकही ठसा आत नाही. तू धावत आला नाहीस. तू सकाळपासून इथेच होतास, वरच्या मजल्यावर."

हानुसने पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"शर्ट आठवण म्हणून कोण मागतं? जी सोडून चाललीय ती. शर्ट मागायला ती तुझ्याकडे आली, आणि तुला ते कळलं."



"डेन्मार्कच्या क्लबने बोलावलं होतं तिला," हानुस म्हणाला. "तिच्या पाठोपाठ संघातल्या तिच्या दोन्ही बहिणी जाणार. उरतात नऊ. नऊ जणींचा संघ कोण घेतो लीगमध्ये? हा संघ मी उभा केला, मार्युन, एकेका घरी जाऊन हातापाया पडून. जिन्यावर मी फक्त दंड धरला. तिने हिसडा दिला आणि..."

"आणि मग?"

"वर जाऊन बसलो."

"किती वेळ?"

"बस येईपर्यंत. वीसेक मिनिटं."

"वीस मिनिटं!" या माणसानेच मार्युनला चेंडू अडवायला शिकवलं होतं. "ती खाली रक्तात, आणि तू वर बसून कुणीतरी यायची वाट बघत होतास. आली ती बाइन्ता. संघ वाचवायला निघालास आणि एका सकाळी दोन गोलकीपर घालवत होतास."

दारात हानुस बूट घालायला वाकला. नाड्या काही केल्या बांधता येईनात. कुणी मदत केली नाही. शेवटी तो तशाच सुटलेल्या नाड्यांनी गाडीत जाऊन बसला.

दोन वाजेपर्यंत टोर्शहाव्नहून फोन आला नव्हता. अकरा जणी धुक्यात उतरल्या. बाइन्ताच्या हातात सुन्नवाचे हातमोजे होते, एक बोट मोठे. बाकावर ना राखीव खेळाडू होती, ना प्रशिक्षक. तिथे एकटी एल्स्पा बसली होती, मांडीवर सुन्नवाचा धुतलेला शर्ट घेऊन. तो तिला द्यायचा, एवढं तिने ठरवलं होतं.