आधी कागदावर

प्रिंटरने त्या दिवशी खोडी काढली नसती, तर ती दोन मिनिटांत त्या खोलीतून निघून गेली असती.

संगणकाच्या खोलीत ती एकच कागद छापायला आली होती. विषय बदलण्याचा अर्ज. अमूर्त बीजगणित आपल्या आवाक्यातलं नाही, हे तिने पहिल्या दोन आठवड्यांतच ठरवून टाकलं होतं. तिच्याबरोबर काम करणारी मैत्रीणही कालच विषय सोडून गेली होती. पण यंत्राने तिचा कागद भलत्याच गठ्ठ्यात सारला आणि तो गठ्ठा एका उंच, विस्कटलेल्या केसांच्या मुलाने उचलला.

"हा तुमचा," तो म्हणाला. वरची ओळ त्याने वाचली होती, ते लपत नव्हतं. "मुदत तीन आठवड्यांची आहे."

"मला घाई आहे."

"बरं."

एवढ्यात मॅडम आत आल्या, तास सुरू झाला, आणि आज नव्यानेच दाखल झालेल्या त्या मुलाशेजारची एकच खुर्ची उरली.

मॅडमची रीत जगावेगळी. फळ्यावरून उतरवून घेणं नाही. दोघांत एक संगणक. एकाने सांगायचं, दुसऱ्याने मुकाट्याने तेवढंच टाइप करायचं. प्रोग्राम चालवण्याआधी, काय होईल त्याचा अंदाज चिठ्ठीवर लिहून नाव घालून डब्यात टाकायचा. चुकलेल्या अंदाजाचे गुण कापले जात नसत, कोऱ्या चिठ्ठीचे मात्र जात. आणि तिच्या आजवरच्या सगळ्या चिठ्ठ्या कोऱ्या होत्या.

शिंप्याची लेक ती. कापड एकदा चुकीचं कापलं की कापलं, हे बाळकडू पिऊन वाढलेली. खात्री नसेल तिथे कात्री चालवायची नाही, तोंडही नाही.

"सांग," तो म्हणाला. हात कीबोर्डवर, नजर पडद्यावर.

"मला येत नाही."

त्याने टाइप केलं — 'मला येत नाही'. यंत्राने लाल अक्षरांत तक्रार केली.

ती हसू दाबत म्हणाली, "हे काय?"

"नियम. तू सांगशील ते."

मग तिने सांगितलं... अडखळत, खोडत, पुन्हा जोडत. एक ते सहा हे आकडे घ्यायचे. कुठलेही दोन गुणायचे, सातने भागायचं, बाकी उरेल ती ठेवायची. बाकी एक उरली, की ते दोघे एकमेकांचे जोडीदार. दोनला चार भेटला, तीनला पाच. एक आणि सहा आपापल्यातच खूश.

"सहा म्हणजे माझी आत्या," ती पुटपुटली. तो हसला, पण टाइप केलं नाही. एवढी अक्कल त्याने चालवली.

सातला जमलं, पाचला जमलं, अकरालाही जमलं. तिने धीर करून आयुष्यातली पहिली चिठ्ठी लिहिली — 'कुठल्याही संख्येने भागा, सगळ्यांना जोडीदार मिळतो.' मग सहाने भागून पाहिलं, आणि पडद्यावर दोन, तीन, चार बिचारे एकटे उभे.

तिचा चेहरा पडला. "चुकलं ना?"

"चुकलं," तो शांतपणे म्हणाला. "आता?"

त्या 'आता'त ना कीव होती, ना घाई. उन्हाळ्यात कुणी न मागता पाण्याचा तांब्या पुढे करावा, तसा तो शब्द. पुढच्या तासांना तिने आठ पाहिले, नऊ पाहिले, दहा पाहिले. चुका केल्या, ढिगाने केल्या. त्याने एकेक चूक निमूटपणे टाइप केली. ती त्याला मौनीबाबा म्हणू लागली, तो तिला सरकार. आणि एका दुपारी, खिडकीतलं ऊन त्याच्या बोटांवर आलेलं असताना, ती मध्येच थांबली.

"थांब... भागणाऱ्या संख्येशी ज्याचं एकापेक्षा मोठं काही सामाईक आहे, तोच एकटा राहतो. सहाला दोनही भागतो, तीनही. चारमध्येही तो दोन लपलाय. पाचचं सहाशी काहीच सामाईक नाही, म्हणून पाच सुटला."

तो टाइप करायचं विसरून तिच्याकडे बघत राहिला.

"काय झालं? टाइप कर की."

"करतो, सरकार."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मागच्या वर्षीच्या काही चिठ्ठ्या नावाची पट्टी झाकून वाचायला दिल्या. एकीवर तिचंच उत्तर होतं, बिनचूक. त्यातला सातचा आकडा मिटलेल्या छत्रीच्या मुठीसारखा. तसा सात ती रोज शेजारी त्याच्या वहीत बघत होती.

व्हरांड्यात तिने त्याला गाठलं. "तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी रडकुंडीला येत होते आणि तू मजा बघत होतास."

"मजा नाही." तो कठड्याला टेकला. "मागच्या वर्षी माझा जोडीदार हुशार होता. सगळं तोच सांगायचा, मी मान डोलवायचो. माझ्या सगळ्या चिठ्ठ्या बरोबर... आणि परीक्षेत कागद कोरा. म्हणून परत बसलोय. उत्तर तुझ्या हातात ठेवलं असतं, तर ते तुझं झालं नसतं. आणि तू तो अर्ज दिला असतास."

तिचा राग कुठे विरघळला, तिला कळलं नाही. आजवर सगळ्यांनी तिला चुकांपासून वाचवलं होतं. चुकू देणारा हा पहिलाच.

त्या संध्याकाळी दुकानात बाबा नव्या नमुन्याच्या बाहीसाठी वर्तमानपत्र कापत होते. तिने विचारलं, "बाबा, तुम्ही तर कधी चुकत नाही."

"कोण म्हणतं? रोज चुकतो. म्हणून तर आधी कागदावर कापतो, पोरी."

एवढी वर्षं तिने कापड बघितलं होतं. कागद बघितलाच नव्हता.

मुदतीचा दिवस उजाडला. दुपारी बारापर्यंत अर्ज घेणार होते. पावणेबाराला ती संगणकाच्या खोलीत शिरली आणि त्याच्यापुढे कोरी चिठ्ठी सरकवली.

"मी अर्जाचं काय केलं, त्याचा अंदाज लिही."

त्याने बराच वेळ पेन फिरवलं. लिहिलं, घडी घातली. तिने उघडली. 'तू आजच जाणार. आता तुला माझी गरज नाही.'

"चुकलास, मौनीबाबा."

तिने पिशवीतून अर्ज काढला. तो अर्ज उरलाच नव्हता. कडा गोलसर, टोक निमुळतं. कापून त्याचा अर्ध्या कॉलरचा नमुना झाला होता. पाठीमागे तिच्या अक्षरात लिहिलं होतं, 'पंधरा इंच. अंदाजे.'

"हे... कुणाचं माप?"

"तीन आठवडे शेजारी बसून नजरेने घेतलंय. बाबा म्हणाले, कापडाला हात लावायच्या आधी नीट मोजून ये." तिने टेप काढली. "मान वर कर."

त्याने मान वर केली. टेप गळ्याभोवती फिरली, दोन टोकं तिच्या चिमटीत भेटली.

"साडेपंधरा," ती हळूच म्हणाली. "अर्ध्या इंचाने चुकले."

"चालेल. कागदच आहे."

तिने टेप सोडली नाही. "आज तू सांग. मी लिहिते. तू सांगशील तेवढंच."

तो शब्द शोधत, तिच्यासारखाच अडखळत सांगू लागला. "लिही... पुढच्या सत्रातही हीच खुर्ची. त्याच्या पुढच्याही. आणि खुर्च्या संपल्या की... तिथेही."

नमुन्याच्या पाठीवर तिने अक्षरन्‌अक्षर लिहून घेतलं. खाली, स्वतःची अक्कल चालवून, एक शब्द वाढवला. मंजूर.

घड्याळात बारा वाजले, तेव्हा ती 'पंधरा' खोडून 'साडेपंधरा' लिहीत होती.