टिकली, नाही टिकली

कात्रीने दार ढकललं, तर तिच्या खुर्चीत एक परका माणूस झोपलेला.

खुर्ची तिचीच होती. खोलीही गेली चार वर्षं तिचीच म्हणायची — टीव्ही वाहिनीच्या तळघरातली, खिडकी नसलेली, एक पडदा, एक यंत्र आणि छताला टेकलेल्या जुन्या टेपांच्या राशी. पडद्यावर कुठल्याशा मालिकेतला डॉक्टर नर्सशी भांडत होता आणि हा गृहस्थ एका कानावर हेडफोन चढवून, डोळे मिटून, पाय लांबवून निवांत पसरला होता.

"अहो! झोपायची जागा आहे का ही?"

"श्शू..." डोळे न उघडताच तो म्हणाला. "डॉक्टर आता खोटं बोलणार."

आणि डॉक्टर खरंच खोटं बोलला.

"म्हणजे आधी पाहिलीय तुम्ही."

"अंहं. खोटं बोलायच्या आधी तो आवंढा गिळतो. दर वेळी." मग त्याने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं, घाईघाईने उठायला गेला आणि हेडफोनच्या वायरीत अडकून पुन्हा तिच्याच खुर्चीत बसला. "तुम्ही संकलनातल्या ना? मी ध्वनी विभागातला. आपल्याला बरोबर... म्हणजे... बघायच्यात."

झालं असं होतं, की वाहिनीने जुन्या मालिका पुन्हा दाखवायचं ठरवलं होतं. एकशे बारा मालिका. त्यातल्या आजही बघवतील अशा कोणत्या, हे दोघांनी मिळून ठरवायचं. वाहिनीच्या प्रमुखांनी — त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत — प्रत्येक मालिकेसाठी एक कागद छापून घेतला होता. त्यावर दोन चौकोन: 'टिकली' आणि 'नाही टिकली'. खाली दोन सह्या. नाही टिकली, तर टेपा पुसून टाकायच्या. कायमच्या.

संकलनात तिला कात्री म्हणत ते काही उगाच नाही. लांबलेलं दृश्य तिला सहन होत नसे, लांबलेलं बोलणं त्याहून नाही. आणि ध्वनी विभागात त्याला कानसेन म्हणत. हा प्राणी मालिका बघायचाच नाही, फक्त ऐकायचा.

पहिल्या आठवड्यातच कात्रीने हात टेकले. एका मालिकेतल्या गुप्तहेराला दर वेळी गुन्हेगार सापडायचा, कारण त्या भागात नवा चेहरा तेवढा एकच असायचा. दुसरीतल्या नायिकेची स्मृती तीनदा गेली होती आणि तिसऱ्यांदा तर लेखकच विसरला होता की ती गेलीय. कात्रीने 'नाही टिकली'वर फुली मारून कागद पुढे सरकवला.

"पण ते दार ऐकलंत?" कानसेन म्हणाला.

"कुठलं दार?"

"गुप्तहेराच्या घराचं. खरं लाकूड आहे हो. आता असं दार कुठे वाजतं?"

"एका दारासाठी लोकांनी बावन्न भाग बघायचे?"

"चोपन्न आहेत," तो नम्रपणे म्हणाला.

त्याला सगळंच आवडायचं. कुणाच्या चपला, कुणाचं खोकणं, कपबशीची किणकिण. तिला काहीच आवडायचं नाही. संध्याकाळी पाचपर्यंत वाद, मग नाइलाजाने तडजोड, मग वर जाऊन मोठ्या बाईंची बोलणी. 'या माणसाबरोबर तीन महिने काढायचे म्हणजे माझाच भुगा होणार,' असं ती घरी मावशीला रोज सांगायची. मावशी रोज विचारायची, "आज काय म्हणाला?" आणि कात्री रोज, दात-ओठ खात, सविस्तर सांगायची.

पण मग बारीकसारीक गोष्टी घडू लागल्या. एका दुपारी तिचं डोकं दुखत होतं. ती काही बोलली नव्हती, तरी त्याने आवाज कमी केला.

"कसं कळलं तुम्हाला?"

"तुम्ही कंटाळलात की नाकाने श्वास सोडता. आज सोडतच नाही आहात." मग जरा लाजून, "चहा आणू?"

तिला रागच आला. चार वर्षांत तिच्या श्वासाचा हिशेब कुणी ठेवला नव्हता.

आणि एकदा त्याने हेडफोनची एक बाजू तिच्या कानाशी धरली. "ऐका. ही उचकीवाली बाई."

"कोण?"

"विनोदी मालिकांना मागून हशा जोडायचे ना, तो एकच हशा सगळ्यांना जोडलाय. त्यात एक बाई हसता हसता उचकी देते. आत्तापर्यंत अकरा मालिकांत सापडलीय मला."

एका हेडफोनात दोन कान म्हटल्यावर दोन डोकी जवळ येणारच. त्याच्या शर्टाला साबणाचा साधा वास होता. हशा झाला... उचकी आली... गेली.

"आली?"

"नाही," कात्री म्हणाली. "परत लावा."

त्याने परत लावलं.

"आता?"

"अंहं... अजून एकदा."

तिसऱ्यांदा मात्र तिला हसू आवरेना आणि तो तिच्याकडे असा बघू लागला, जणू पडद्यावरचं पहिल्यांदाच काही बघतोय. तिने हेडफोन काढून ठेवला आणि उगाचच टेपा नीट रचायला घेतल्या.

असे दोन महिने गेले. मग 'पहिला मजला, उजवीकडे' आली.

ही मालिका कात्रीला तोंडपाठ होती, पाहिलेली नसूनही. तिची नायिका म्हणजे तिची मावशी. आई गेल्यावर कात्रीला वाढवलं ते मावशीने, आणि झोपताना गोष्टी सांगितल्या त्या या मालिकेच्या शूटिंगच्या. मावशीने आयुष्यात केलेलं हे एकच काम. पुढे तिला कुणी बोलावलं नाही, ती एका दवाखान्यात नोंदी करत राहिली. कात्रीने मालिका सुरू केली तीच 'टिकली'वर खूण करायच्या तयारीने.

पहिल्या भागात नायक जिन्यात नायिकेची वाट अडवतो. ती 'नाही' म्हणते. हशा. दुसऱ्यात तो तिच्या खिडकीखाली मित्रांना घेऊन आरडाओरडा करतो. ती 'नाही' म्हणते. हशा. तिसऱ्यात तो तिच्या ऑफिसात जाऊन साहेबांना सांगतो, ही नोकरी सोडतेय, आमचं लग्न ठरलंय. ती रडते. प्रचंड हशा, उचकीसकट.

कात्रीला एकदाही हसू आलं नाही. तरी तिने 'टिकली'वर खूण केली, सही ठोकली आणि कागद पुढे सरकवला.

कानसेनने पेन उचललं नाही.

"मी नाही करणार सही."

"काय?" तिचा पारा एकदम चढला. "आजवर सगळ्या पास केल्यास! दारासाठी केल्यास, कपबशीसाठी केल्यास, आणि हीच नको?"

"त्या नुसत्या वाईट होत्या," तो हळूच म्हणाला. "ही वाईट वागते. त्या बाईचा आवाज ऐक. ती विनोद करत नाहीये. ती घाबरलीय, आणि लोक हसतायत."

"ती माझी मावशी आहे!"

आपण रागाच्या भरात याला 'तू' म्हणालो, आणि यानेही आपल्याला, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. परत 'तुम्ही'वर जायची मात्र दोघांपैकी कुणाची तयारी दिसली नाही.

"मग," तो कागद बाजूला ठेवत म्हणाला, "मावशींनाच विचारूया?"

मावशी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. आखूड पांढरे केस, ताठ पाठ. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "लावा."

तिने चार भाग एक शब्द न बोलता पाहिले. शेवटी मावशीने चष्मा काढला.

"बंद कर गं. हा माणूस पोलिसात द्यायच्या लायकीचा आहे."

"मावशी... तुला तेव्हाही असंच वाटायचं?"

"वाटायचं? अगं, तेराव्या भागापर्यंत मी नाही नाही म्हणत होते आणि चौदाव्याला लेखकाने 'हो' लिहून आणलं. मी विचारलं, मध्ये असं झालं काय? तर म्हणाला, बाई, चौदाच भाग मंजूर झालेत."

कानसेनला हसू फुटलं. कात्रीने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. "मग इतकी वर्षं मला त्या गोष्टी कशाला सांगत होतीस?"

"गोष्टी शूटिंगच्या सांगायचे. मालिका चांगली होती असं कधी म्हणाले मी?"

कात्री आठवत राहिली. खरंच, कधी म्हणाली नव्हती.

"पुसा खुशाल," मावशी म्हणाली. मग तिचा आवाज जरा उतरला. "फक्त... पुसायच्या आधी सातवा तेवढा बघू दे. त्या आठवड्यात हिरोला गालगुंड झालं होतं."

सातव्या भागात नायक नव्हताच. लेखकाने घाईघाईने नवंच काही लिहिलं होतं. नायिका आणि तिची घरमालकीण. नळ फुटलाय, घरभर पाणी झालंय, आणि प्लंबर येईपर्यंत दोघी टेबलावर पाय वर घेऊन बसल्यात. बस्स. बावीस मिनिटं दोघी नुसत्या गप्पा मारतात, नवऱ्यांविषयी, भाड्याविषयी, न पाहिलेल्या समुद्राविषयी. मावशी तेव्हा सव्वीस वर्षांची होती आणि काय बोलत होती! एकेक वाक्य असं टाकत होती, की घरमालकीण पुढचं विसरून तोंडावर पदर धरत होती.

"चित्र हलतंय," कात्री सवयीने म्हणाली. "कॅमेरा धड धरता येत नाही."

कानसेन ताठ बसला होता. "तो हसतोय, म्हणून हलतंय. ऐक. हा जोडलेला हशा नाही. सेटवरची माणसं हसतायत. कॅमेरावालाही."

कात्रीने पुन्हा पाहिलं. पाहता पाहता हसली, आणि हसता हसता तिचं नाक वाहायला लागलं. तिने मावशीला असं कधी पाहिलंच नव्हतं. कानसेनने मान वळवली नाही. फक्त हात पुढे करून आवाज किंचित वाढवला, म्हणजे तिचं मुसमुसणं कुणाला ऐकू जायला नको.

'टिकली'समोर कात्रीने लिहिलं: फक्त सातवा भाग. बाकीचे तेरा नाही. खाली दोन सह्या झाल्या, पहिल्यांदाच वाद न होता. मोठ्या बाई कडाडल्या, "एक भाग? सुटा? वेड लागलंय का दोघांना?" पण बघायला बसल्या, आणि घरमालकिणीच्या समुद्रापाशी पोहोचल्यावर त्यांनी कागद ओढून घेतला आणि शिक्का मारला.

निघताना मावशी दारात थांबली. "तुम्ही एरवी काय करता?" तिने कानसेनला विचारलं.

"ऐकतो."

"आणि बोलता कधी?" एवढं म्हणून भाचीकडे न बघता ती चालती झाली.

कधीच बोलला नाही तो. पुढचे तीन आठवडे नाही. एकशे बारावी मालिका संपली, तेव्हाही तो वायर गुंडाळत बसला होता, आणि ती एकच वायर तिसऱ्यांदा गुंडाळली जात होती.

"उद्यापासून मी वर. माझ्या विभागात," तो म्हणाला.

"माहितेय."

"खोली परत तुझी."

"तेही माहितेय." वायर पुन्हा सुटली. कात्रीचा संयम संपला. "तुला काही विचारायचंय का?"

"हो."

"मग विचार की!"

"भीती वाटते." त्याने वायर खाली ठेवली. "तीन महिने इतके हिरो ऐकलेत... सगळे विचारतात, मग विचारतच राहतात. मला त्यांच्यातला एक नाही व्हायचं."

कात्रीने कपाळावर हात मारून घेतला. "अरे, विचारणं हा काय गुन्हा आहे? उत्तर न ऐकणं हा गुन्हा! आणि तू... तुझ्याइतकं कोण ऐकतं रे?"

तो हसला. मग गंभीर झाला. मग त्याचे कान लाल झाले.

"मला तू फार आवडतेस."

"हे सांगणं झालं. विचारणं कुठाय?"

"मी विचारतोच होतो... तू मध्येच—"

"बरं, बोलत नाही. विचार."

"मी तुला आवडतो का?"

तिने मान डोलावली. मग हा माणूस बघण्यापेक्षा ऐकणारा, हे ध्यानात येऊन, कशीबशी म्हणाली, "हो."

"नक्की?"

"दुसऱ्यांदा विचारायचं नाही!" ती ओरडली, आणि त्याची कॉलर धरून त्याला खुर्चीतून उठवलं.